पट्टा बांधल्याशिवाय चढू देऊ नकोस

अगं, आमचुराचे दिवस आले की मी तुला फोन करते तो भाव विचारायला नाही, हे तुला एव्हाना कळलंच असेल. भाव काय, मोलगीच्या बाजारातून आलेलं कुणीही सांगतं. मला विचारायचं असतं ते एवढंच, की आज झाडावर कोण चढलंय आणि अंगाला काय बांधून चढलंय. तू दरवेळी हसतेस. "ताई, इथे कोण काय बांधतं? लहानपणापासून चढतायत ते." म्हणून आज सगळं एकदाच सांगून टाकते. फोडी वाळत घातल्या असतील तर पोरांना राखणीला बसव, कोंबड्या-शेळ्यांना तेच हाकलतील, आणि माझं ऐक.

शहाद्या-तळोद्याच्या सपाटीवरची गोष्ट वेगळी. तिथे कलमी झाडं, उभ्या उभ्या हात पोचतो. आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातली आंब्याची झाडं आज्या-पणज्यांच्या वेळची, कोयीपासून आपोआप उगवलेली. बुंधा एकट्याच्या कवेत मावत नाही, पहिली फांदीच डोक्याच्या कितीतरी वर. कैऱ्या लागतात त्या शेंड्याकडे, उन्हाच्या बाजूला, बारीक फांद्यांच्या टोकाला. आमचुराला कैरी पाडाला लागायच्या आत हवी, म्हणून घाई. त्यात वळवाचा वारा सुटला तर एका रात्रीत अर्धं झाड खाली, म्हणून आणखी घाई. काठीने झोडपून पाडावं तर आपटलेली कैरी डागळते, तिची फोड काळी पडते आणि व्यापारी पाटी नुसती हलवून बघतो न् भाव पाडतो. एवढं सगळं जुळून आलं की माणूस झाडावर चढतो. मला कळतं ते. हौस म्हणून कुणी चढत नाही.

पण एक बघितलंस का? पडतो तो नवशिका नसतो. नवशिका घाबरतो, दोन फांद्या चढून उतरतो. पडतो तो हात बसलेला माणूस, दुपार कलल्यावर, शेवटच्या पाटीला. सकाळी ज्या फांदीला त्याने पायाने दाबून पाहिलं, तिच्यावर दुपारी तो न बघता पाय टाकतो. पानं शिवून घरटी करणारे लाल मुंगळे तुला माहीतच आहेत. ते एकदा सदऱ्यात शिरले की हात आपोआप फांदी सोडतो, तिथे अनुभव कामाचा नाही. पावसाची सर येऊन गेली की साल निसरडी होते. एखादी फांदी आतून पोखरलेली असते आणि वर मात्र हिरवी पानं. जांभळीचं आणि शेवग्याचं तर बोलूच नको, त्यांचं लाकूड सांगून मोडत नाही. सहा मीटरवरून, म्हणजे साधारण दोन मजल्यांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर असतो आणि आदळतो तो ताशी सुमारे ३९ किलोमीटरच्या वेगाने. सावरायला, दुसरी फांदी धरायला त्यात वेळच नसतो. 'मी धरीन पटकन' असं आमचे पाहुणे, म्हणजे तुझे यजमान, म्हणतात ना, त्यांना हा हिशेब सांग.

आता अखाजीचंच, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंच घे. माहेरी आलेल्या पोरींसाठी झोका बांधायचा म्हटलं की घरातले पुरुष काय काय करतात! फांदी निवडतात, दोर नवा आणतात, गाठ मारून दोघं तिघं लोंबकळून बघतात, सासुरवाशीण पडली तर गाव नाव ठेवेल म्हणून. झोका जमिनीपासून किती उंच? आणि त्याच झाडाच्या शेंड्यावर त्याच आठवड्यात घरचा कर्ता माणूस चढतो तेव्हा त्याच्या अंगाला सुतळीसुद्धा नसते. हे मला कधीच समजलं नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही.

तर पट्ट्याविषयी. नंदुरबारला, धुळ्याला, सुरतेला हार्डवेअरच्या दुकानात 'सेफ्टी बेल्ट' मागितला की दोन गोष्टी पुढे येतात. एक नुसता कमरेचा पट्टा, पूर्वी विजेच्या खांबावर लाइनमन बांधायचे तसा. तो घेऊ नकोस. खांबाला टेकून उभं राहून काम करायला तो ठीक, पण त्यात माणूस खरोखर पडला की सगळा झटका पोटावर आणि कमरेच्या मणक्यावर येतो. शरीर मधोमध दुमडतं. दुसरा असतो 'फुल बॉडी' – खांद्यांवरून, छातीवरून, दोन्ही मांड्यांभोवती पट्ट्या असलेला, पाठीवर दोन फऱ्यांच्या मध्ये लोखंडी कडं. पडल्यावर झटका मांड्यांवर आणि सगळ्या अंगावर वाटला जातो आणि माणूस जवळजवळ उभाच लटकतो. हाच घ्यायचा. त्यावर 'आयएस ३५२१' असा भारतीय मानकाचा आकडा आणि आयएसआयची खूण शिवलेल्या चिठ्ठीवर आहे का ते बघ, बनवल्याची तारीख बघ. साधारण दीड-दोन हजारांच्या आसपास दोन दोऱ्यांसह मिळतो. रस्त्याच्या कडेला तीनशेला मिळतो तो गाडीवर सामान बांधायला वापर.

घालायचा कसा, ते दुकानात समोर उभं राहून शिकून घ्यायचं. पाठीवरचं कडं धरून पट्टा हवेत उचल, म्हणजे सगळ्या पट्ट्या आपोआप सुट्या होऊन खाली लोंबतात. बंडी घालावी तसे हात आधी आत. मग मांड्यांच्या पट्ट्या, पिळा न पडता. मग छातीची. आवळल्यावर पट्टी आणि मांडी यांच्यामध्ये सपाट तळहात जेमतेम सरकला पाहिजे. मूठ शिरली तर सैल, बोटंही शिरत नसतील तर जास्त घट्ट. कडं फऱ्यांच्या मध्येच हवं, मानेवर नाही न् कमरेवर नाही. लुंगी किंवा धोतरावर हा पट्टा बसत नाही, पँट लागते. एवढं एकच काय ते त्यांना सोसावं लागेल. आणि वर जाण्याआधी जमिनीपासून हातभर उंचीवर दोर अडकवून पूर्ण भार टाकून लटकायचं. कुठे टोचतंय, कुठे सरकतंय ते तिथेच कळतं. पोरं हसतील, हसू दे.

आता नीट लक्ष दे, कारण पट्टा घेऊनही लोक पडतात ते इथेच. पट्टा माणसाला धरत नाही, झाड धरतं. पट्टा फक्त दोघांना जोडतो. मग झाडाचा कोणता भाग? मांडीएवढा जाड, जिवंत, बुंध्याला जिथे फांदी फुटते तो बेचका. वठलेली फांदी नाही, पोकळ वाजणारी नाही, आणि हुक थेट फांदीत अडकवायचा नाही, कारण तो लोखंडी पाइपासाठी बनवलेला असतो, जाड फांदीवर अर्धाच बसतो. पट्ट्याच्याच कापडाचा शिवलेला गोल मिळतो, दुकानदार त्याला स्लिंग म्हणतो. तो खोडाभोवती वेढून त्यात हुक अडकवायचा, आणि हुकाची कुलुपाची खटकी बसल्याचा आवाज ऐकायचा.

दोऱ्या दोन का? कारण एक सोडून पुढे सरकताना दुसरी अडकलेली असते. उजवी अडकव, चढ, डावी वर अडकव, मग उजवी सोड. दोन्ही एकदम सुटलेल्या, असा क्षण यायलाच नको. हे सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, मग हाताला सवय होते, तू भाकरी थापतेस तेव्हा कुठे मोजतेस?

आणि अडकवायचं ते नेहमी डोक्याच्या वर. पायाजवळ अडकवून माणूस वर गेला तर पडताना आधी तेवढी दोरी खाली जाणार, मग पुन्हा तेवढीच, आणि तोवर वेग इतका की झटक्याने बरगडी मोडेल. काही दोऱ्यांना मध्ये घडी घालून शिवलेली जाड पुडी असते. जोराचा झटका बसला की तिची शिवण उसवत जाते आणि झटका कमी होतो. चांगली वस्तू आहे. पण ती उसवायलाही जागा लागते. दोरीची लांबी, उसवलेली पुडी आणि माणसाची उंची धरून खाली पाच-सहा मीटर मोकळं नसेल तर पुडी उसवायच्या आधी पाय जमिनीला लागलेले असतात. त्यामुळे बुटक्या झाडावर डोक्याच्या वर, दोरी ताणलेली ठेवून अडकवणं हाच उपाय.

दोरीत काटकसर नको. बाजारात निळी-पिवळी चकचकीत दोरी वजनावर मिळते, ती उन्हात महिन्या-दोन महिन्यांत कुरकुरीत होते. हाताने चोळलीस तर भुगा निघतो. नायलॉनची, आत गाभा आणि वर विणीचं कवच असलेली, बोटाएवढ्या जाडीची दोरी घे. गाठ मारली की कोणत्याही दोरीची ताकद कमी होते, कधी कधी निम्म्यावर येते, म्हणून शक्यतो शिवलेले फासे. कैरीचा चीक दोरीला लागतोच. तो साध्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायची, सोडा न् साबणाचा मारा नको. फवारणीच्या पंपाशेजारी किंवा खताच्या पोत्यावर ठेवायची नाही. आणि ज्या पट्ट्याने एकदा पडणारा माणूस धरला, तो पट्टा संपला. कितीही नवा दिसला तरी. त्याला कापून टाक, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी तरी 'चांगला तर आहे' म्हणून काढेल.

एक अगदी वेगळी गोष्ट, विसरण्याआधी सांगते: वर कोयता घेऊन फांदी तोडायची असेल तर दोन्ही दोऱ्या अडकलेल्याच हव्यात. ताणलेली दोरी कोयत्याच्या नुसत्या स्पर्शाने तुटते. फांदी तोडताना माणूस स्वतःचीच दोरी तोडतो.

घरात बोलणी होतील ती मला पाठ आहेत. तुझे जेठ म्हणतील, वेळ जातो. जातो, खरंय, चार पाट्या कमी निघतील दिवसाला. सासूबाई म्हणतील, आमच्या वेळी कुठे होतं. नव्हतं, आणि प्रत्येक पाड्यावर भिंतीला टेकून बसलेला एखादा जण आहे, तो त्यांच्याच वेळचा. सगळ्यात अवघड ते पाहुण्यांचं, कारण ते तोंडाने बोलणार नाहीत. दोर बांधला तर मित्र घाबरट म्हणतील, हे त्यांच्या मनात. त्यांना केरळचं सांग. तिथे नारळावर चढणारे मिळेनासे झाले तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये 'नारळाच्या झाडाचे मित्र' म्हणून प्रशिक्षण सुरू केलं, त्यात बायासुद्धा यंत्राने चढायला शिकल्या. ते पायात अडकवायचं यंत्र कन्नूरकडच्या चेंबेरी गावच्या एका शेतकऱ्याने काढलेलं. पुढे कासरगोडच्या संशोधन संस्थेने त्याला पडू न देणारी जोडणी बसवली. नारळ विकास मंडळाचा चढणाऱ्यांसाठी विमाही आहे. आपल्या आंब्याला ते यंत्र चालत नाही, त्याला सरळ एकच खोड लागतं. पण पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या पायाने चढणाऱ्यांच्या मुलखाने पट्टा बांधला आणि कुणाची मर्दानगी गेली नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

खरं सांगू का, मी हे पाहुण्यांना न सांगता तुला सांगतेय त्याला कारण आहे. ते वर असतात, तू खाली. धडपा पसरून कैऱ्या झेलणारी, पाटी भरणारी, 'तिकडे अजून आहेत' म्हणून बोट दाखवणारी तू. पुढची फांदी बऱ्याचदा तूच दाखवतेस. तेव्हा हुक अडकवलाय का हे विचारणारीही तूच हवीस. पाटी रिकामी ठेवून उभी राहिलीस तर चढून कुणाला काय करायचंय? भांडू नकोस, रडू नकोस. फक्त पट्टा दिसेपर्यंत धडपा पसरू नकोस.

आणि त्यांना झाडाजवळ एकटं सोडून स्वयंपाकाला जाऊ नकोस. पट्ट्यात लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचतं; दहा-पंधरा मिनिटांतही भोवळ येऊ शकते आणि पुढे जिवावर बेततं. म्हणून खाली दुसरा चढता येणारा माणूस, दुसरा पट्टा आणि एक लांब दोर हवाच. लटकलेल्याने पाय हलवत राहायचं, जमल्यास दोरीचा फासा करून त्यात पाय टेकून उभं राहायचं. एक पट्टा घेणं म्हणजे अर्धंच काम. दोन घ्या.

चढायची गरज किती झाडांना आहे, हेही एकदा बसून बघा. खालच्या निम्म्या कैऱ्या लांब बांबूच्या आकडीला येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे, त्यात पात्याने देठ कापून कैरी जाळीत पडते, डागळत नाही. फक्त झाडावरून विजेची तार गेली असेल तर तिथे झेला नाही, आकडी नाही, काही नाही. ओला बांबूसुद्धा करंट आणतो. आणि ज्या दिवशी घरात मोहाची घेतली गेली असेल, त्या दिवशी झाड बंद. त्यावर मी जास्त बोलत नाही, तू समजून घे.

एवढं करूनही कुणी पडलंच, तुमच्या घरचं नाही तर शेजारच्या पाड्यावरचं, तर काय करायचं ते आज ऐकून ठेव, त्या वेळी सुचत नाही. त्याला उठवून बसवायचं नाही. पाणी पाजायला मान उचलायची नाही. 'पाय हलव बघू' म्हणून ओढायचं नाही. आपल्याकडे रस्ता नाही तिथे बांबूला झोळी बांधून माणूस खाली नेतात. पेपरवाले तिला बांबूलन्स म्हणतात. बाळंतिणीला, तापाच्या माणसाला ती नेते. पण मणक्याला मार लागलेल्या माणसाला झोळीत घातलं की तो मधोमध वाकतो, आणि जो चालू शकला असता तो कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. त्याला सपाट फळी हवी. दार काढा, पाट्या जोडा, ताठ विणलेली खाट चालेल. चौघांनी मिळून, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसा एकदम वळवून फळीवर घ्यायचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या, वरून पट्ट्यांनी बांधायचा. मग बांबू त्या फळीला बांधा आणि न्या. १०८ला फोन आधीच लागलेला हवा, म्हणजे गाडी जिथवर येते तिथवर निघालेली असेल. तुमच्याकडे रेंज कुठल्या टेकाडावर येते ते पोरांना ठाऊक असतं, एकाला तिकडे पळव.

पैशाचंही सांगते. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातला एक जण, वय १० ते ७५. उंचावरून पडणं त्यात धरलंय. मृत्यू झाला किंवा दोन हात, दोन पाय, दोन डोळे निकामी झाले तर २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, वेळ न घालवता. पोलिसांचा पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात, म्हणून पडल्यावर 'कशाला पोलीस' म्हणायचं नाही. पण त्या यादीत मोडलेल्या बरगड्या नाहीत आणि बुडालेला हंगामही नाही. आणि २ लाखांत माणूस येत नाही, हे मी तुला काय सांगू.

दोन पट्टे, दोन स्लिंगा, एक लांब दोर – एका घराला जड जाईल. म्हणून बचत गटात विषय काढ. दोन पट्टे गटाचे, वहीत नोंद, ज्याच्या झाडाची पाळी त्याच्या घरी. वापरून परत देताना शिवण, बक्कल, हुक दोघींनी बघून सही करायची. मोकळ्या जागेत पट्टा बांधून दाखवायला माणूस मिळेल का, ते कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गटाच्या नावाने विचारा; एकट्याने विचारलं तर विसरतात, दहा बायांनी विचारलं तर लिहून घेतात. वीज मंडळाचा एखादा लाइनमन ओळखीचा असेल तर त्यालाही बोलाव, पुरुष त्याचं ऐकतील.

अखाजीला अजून दिवस आहेत. गटाची बैठक कधी आहे ते कळव, मी तोवर नंदुरबारच्या दुकानांत चौकशी करून ठेवते. पाहुण्यांची आणि जेठांची छाती, कंबर, मांडी मोजून माप पाठव. वजनही लिही, कारण पट्ट्यावर किती किलोपर्यंत चालतो ते छापलेलं असतं. आणि पट्टे येईपर्यंत खालच्या फांद्यांच्याच कैऱ्या काढा.